आपापला कोनाडा

आमच्या कामाच्या ठिकाणी एक जण होता. बैठकीत कुठलीही नवी कल्पना निघाली की पहिला प्रश्न त्याचा: "पण हे चाललं नाही तर?" आवाज शांत, चेहरा त्याहून शांत, आणि प्रश्न असा की मांडणाऱ्याचा फुगा तिथल्या तिथे फुटावा. सगळे त्याच्यावर चिडायचे आणि त्याच्यावर विसंबूनही असायचे. त्याच गटात एक जण होती. बैठकीत तिचं काम म्हणजे मान डोलावणं. कधी बोललीच तर "हो, करू या की", एवढंच. स्वभावानेच गरीब, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग त्याने नोकरी सोडली. पहिले दोन-तीन आठवडे बैठका सुसाट झाल्या, आलेली प्रत्येक कल्पना मंजूर. चौथ्या आठवड्यात तिने वहीतून मान वर केली आणि म्हणाली, "आणि नाही जमलं तर?" त्यानंतर ती थांबलीच नाही. दोन महिन्यांत ती त्याच्यापेक्षा तिखट झाली होती.

कुणी म्हणालं, ही बदलली. कुणी म्हणालं, आत्मविश्वास आला. मला मात्र समुद्रकाठच्या खडकाला चिकटून बसणारे बार्नॅकल आठवले. ते का आठवले, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

जीवशास्त्रात 'निश' नावाची एक कल्पना आहे. शब्द फ्रेंचमधून आलेला आणि त्याचा साधा अर्थ भिंतीतला कोनाडा, ज्यात मूर्ती वगैरे ठेवतात. जड पारिभाषिक शब्द शोधण्यापेक्षा आपण कोनाडाच म्हणू. फक्त एक पथ्य पाळायचं. भिंतीतला कोनाडा रिकामा असला तरी कोनाडाच असतो. जीवशास्त्रातला कोनाडा असा आधी खोदून ठेवलेला नसतो. एखादा जीव काय खातो, कधी खातो, किती ऊन-थंडी सोसतो, त्याला कोण खातं, आणि शेजारी कोण आहे, या सगळ्यातून त्याची जगण्याची जी रीत ठरते, ती म्हणजे त्याचा कोनाडा.

हा शब्द रुळवला तो अमेरिकेतल्या जोसेफ ग्रिनेलने. १९१७ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर या पक्ष्यावर लिहिलं. झुडपांच्या जाळीत जमिनीलगत वावरणारा हा पक्षी. त्याचे आखूड पंख, दणकट पाय, मळकट रंग हे सगळं त्या जाळीत राहण्याशी कसं जुळतं, हे त्याने दाखवलं. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स एल्टनने भर दुसरीकडे दिला. प्राणी राहतो कुठे यापेक्षा तो त्या वस्तीत करतो काय, हे महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं. ते समजावताना त्याने दिलेली उपमा मला फार आवडते. 'तो बघा बॅजर चालला' असं परिसरशास्त्रज्ञ म्हणेल तेव्हा त्याच्या मनात त्या प्राण्याचं समाजातलं स्थान असलं पाहिजे. 'ते बघा पाद्रीबाबा चालले' असं म्हटल्यावर ते जसं आपोआप मनात येतं, तसंच.

म्हणजे बघा, प्राण्यांचा कोनाडा समजावायला उदाहरण माणसाचंच घ्यावं लागलं. आणि ही देवाणघेवाण त्याच्याही आधीची आहे. कामं वाटून घेतली की उत्पादन वाढतं, ही अर्थशास्त्रज्ञांची श्रमविभागणी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आन्री मिल्न-एडवर्ड्‌सने ती उचलून शरीरातल्या अवयवांना लावली. डार्विनने १८५९ साली मिल्न-एडवर्ड्‌सचं नाव घेऊनच ती एका प्रदेशातल्या निरनिराळ्या प्रजातींना लावली: जीव जितके वेगवेगळे, तितके एकाच जागेत जास्त मावतात. आणि १८९३ मध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने डार्विनचा तो विचार परत माणसांकडे आणला. दोघं जितके सारखे तितकी त्यांची स्पर्धा तीव्र, म्हणून दाट वस्तीत लोक वेगवेगळे धंदे धरतात, असं तो म्हणाला. डोळ्यांचा डॉक्टर मनाच्या डॉक्टरशी भांडत नाही आणि चांभार टोप्या करणाऱ्याशी भांडत नाही. तेव्हा 'प्राण्यांचे नियम माणसांना कसे काय लावता' असं कुणी विचारलं की मला थोडं हसू येतं. हे भांडवल मुळात आपल्याच घरचं आहे. मधल्या काळात दुसऱ्याने वापरलं आणि बरंच वाढवून परत दिलं.

वाढवलं म्हणजे काय केलं? एक तर प्रयोग केले. रशियातल्या गेओर्गी गाउझने पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या प्रजाती काचेच्या नळ्यांत वाढवल्या आणि १९३४ मध्ये या कामावर पुस्तक लिहिलं. ऑरेलिया आणि कॉडेटम या दोन प्रजाती वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही उत्तम वाढतात. एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या की काही दिवसांत कॉडेटम संपते. पण त्याच कॉडेटमला बर्सारिया या तिसऱ्या प्रजातीबरोबर ठेवलं तर दोघी नांदतात. कारण एक वर तरंगणारे जिवाणू खाते आणि दुसरी तळाशी बसलेलं यीस्ट. नळी एकच, कोनाडे दोन. अगदी एकसारखी गरज असलेले दोघं एका जागी कायमचे टिकत नाहीत, हे तत्त्व पुढे यातूनच पक्कं झालं.

दुसरी भर जी. ई. हचिन्सनची, १९५७ सालची, आणि माणसांबद्दल बोलायचं तर हीच सगळ्यांत कामाची. तो म्हणाला, एक अक्ष तापमानाचा घ्या, दुसरा ओलाव्याचा, तिसरा दाण्याच्या आकाराचा. असे हवे तितके अक्ष घ्या. या सगळ्या अक्षांवर मिळून एखादी प्रजाती जिथे जिथे तग धरू शकते, तेवढी जागा हा तिचा मूळ कोनाडा. पण प्रत्यक्षात तेवढी जागा तिला मिळत नाही. शेजारी असतात, शत्रू असतात, आणि त्यांच्यामुळे तिला आकसून राहावं लागतं. उरतो तो तिच्या वाट्याला आलेला कोनाडा. आपल्याला दिसतो तो नेहमी हा दुसराच. पहिला दिसत नाही, तो हुडकून काढावा लागतो.

आता बार्नॅकल. खेकडा-कोळंबीचे हे नातलग एकदा खडकाला चिकटले की जन्मभर तिथून हलत नाहीत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर यांच्या दोन जाती अगदी पट्टे आखल्यासारख्या दिसतात. खडकाच्या वरच्या भागात लहानखुरा थॅमॅलस, खालच्या भागात मोठा बॅलॅनस. सरळ निष्कर्ष काय काढाल? थॅमॅलसला वरचं कोरडं मानवतं, बॅलॅनसला खालचं ओलं. जोसेफ कॉनेलने मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा गिळला नाही. थॅमॅलसची पिल्लं खालीही येऊन चिकटतात, हे त्याने पाहिलं होतं. मग ती जातात कुठे?

त्याने थॅमॅलस बसलेले दगड उचलून खालच्या पट्ट्यात नेले. तिथे बॅलॅनस येऊन चिकटल्यावर प्रत्येक दगडाचे दोन भाग कल्पून एका भागावरचे बॅलॅनस तो काढून टाकत राहिला, दुसरा भाग तसाच सोडला. वर काच धरून एकेका जिवाचा नकाशा काढायचा, पुन्हा यायचं, कोण उरलं ते मोजायचं. १९६१ मध्ये त्याने निकाल छापला. बॅलॅनस काढलेल्या अर्ध्या भागावर थॅमॅलस खालीसुद्धा मजेत जगला. न काढलेल्या भागावर बॅलॅनसने त्याच्यावर चढून, त्याच्या कवचाखाली घुसून त्याला उचकटलं, नाहीतर दोन्हीकडून दाबून चिरडलं. म्हणजे थॅमॅलसला 'वरचं मानवतं' हे खरं नव्हतं, त्याला फक्त वर राहू दिलं जात होतं. उलट बॅलॅनसचं मात्र खरंच तसं होतं. वरच्या पट्ट्यात थॅमॅलस नसला तरी बॅलॅनस तिथे कोरडा पडून मरतो.

एकाच खडकावर दोन पट्टे, दिसायला सारखेच नैसर्गिक. एकाची सीमा त्याच्या स्वतःच्या प्रकृतीने आखलेली, दुसऱ्याची शेजाऱ्याने. नुसतं बघून हा फरक कधीच कळला नसता.

म्हणून मला आमची ती सहकारी आठवली. 'स्वभावाने गरीब' हे तिचं वर्णन आम्ही तिच्या वाट्याला आलेल्या कोनाड्यावरून केलं होतं. एका बैठकीत शंका काढणारे किती जण खपतात? एक, फार तर दोन. तिसऱ्याने तोंड उघडलं की लोक घड्याळं बघायला लागतात. लोकांचं लक्ष, त्यांचा धीर, 'याचं ऐकावं' ही भावना, या गोष्टी गटात मोजक्याच असतात. खडकावरच्या जागेसारख्या. तो पट्टा भरलेला होता, म्हणून ती वरच्या कोरड्या पट्ट्यात मान डोलावत बसली.

इथे मीच मला चिमटा काढतो. कॉनेलकडे दगडाचे दोन भाग होते, माझ्याकडे एकच. तिला त्याच काळात घरून पाठबळ मिळालं असेल, पगार वाढला असेल, झोप नीट व्हायला लागली असेल, मला काय माहीत? कोनाड्याची कल्पना माणसांना लावण्यातला हा मोठा मोह आहे. एकदा हा चष्मा चढवला की जिथे तिथे कोनाडेच दिसतात. जो गप्प आहे त्याचा कोनाडा गप्प बसण्याचा, जो बोलतो त्याचा बोलण्याचा. याला स्पष्टीकरण म्हणत नाहीत, हे बारसं झालं. शेजारी हटला तर काय होईल, हे आधीच सांगता आलं आणि तसंच घडलं, तरच त्या शब्दाला काही किंमत.

काही समाजशास्त्रज्ञांनी हे पथ्य चांगलं पाळलं आहे. मिलर मॅकफर्सनने १९८३ मध्ये मंडळं, संघ, क्लब अशा संस्थांकडे प्रजातींसारखं पाहिलं. या संस्था कशासाठी भांडतात? माणसांच्या वेळेसाठी. एका अक्षावर वय घ्या, दुसऱ्यावर शिक्षण, तिसऱ्यावर व्यवसाय. प्रत्येक संस्थेचे सदस्य त्या अवकाशात एका ठरावीक भागात गोळा झालेले दिसतात. तो त्या संस्थेचा कोनाडा. दोन संस्थांचे भाग एकमेकांवर आले की त्या पट्ट्यातली माणसं दोन्हीकडून ओढली जातात. पुढे १९९५ मध्ये पामेला पॉपिएलार्झबरोबर त्याने दाखवलं की कोनाड्याच्या कडेवरचे आणि अशा ओढाताणीच्या पट्ट्यातले सदस्य संस्था लवकर सोडतात.

कारण अगदी घरगुती आहे. आपण कुठल्याही गटात ओळखीने शिरतो आणि ओळखीने टिकतो, आणि आपल्या ओळखी बहुतेक आपल्यासारख्यांशीच असतात. पन्नाशीच्या लोकांच्या वाचनगटात बावीस वर्षांची एक मुलगी येते. तिच्याशी कुणी वाईट वागत नाही. उलट कौतुकच होतं, जरा जास्तच होतं. पण तिच्या बाकीच्या सगळ्या मैत्रिणी त्या गटाबाहेर आहेत आणि त्यांची हाक दर शनिवारी येते. गटातल्या पन्नाशीच्या माणसाचे मित्र गटातच बसलेले असतात. सहा महिन्यांनी ती येईनाशी होते आणि गट म्हणतो, 'आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच नाही.' हा निष्कर्ष थॅमॅलसला कोरडं आवडतं म्हणण्याइतकाच पक्का. दरम्यान गट मात्र आणखी पन्नाशीचा होतो, कारण कडेचे गळले की मधले उरतात.

घरातही हे दिसतं असं आपल्याला वाटतं. मोठा अभ्यासू निघाला की धाकटा खेळात जातो, एक शांत तर दुसरी बंडखोर. फ्रँक सलोवेने १९९६ मध्ये यावर मोठा सिद्धान्त उभा केला. आईवडिलांचं लक्ष हे मर्यादित साधन, पहिलं मूल 'शहाण्या'चा कोनाडा आधी पटकावतं, मग धाकट्यांना नवी वाट काढावी लागते. मला हा सिद्धान्त फार भावला होता, कदाचित मी धाकटा असल्यामुळे. पण २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावाशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. याचा अर्थ भावंडं एकमेकांपासून वेगळं होऊ बघतच नाहीत, असा नव्हे. ती बघत असतील. पण कोणता कोनाडा कुणाला, हे जन्मक्रम ठरवत नाही आणि घरातला कोनाडा माणूस जन्मभर पाठीवर घेऊन हिंडत नाही. घराचा उंबरा ओलांडला की शेजारी बदलतात. सिद्धान्त नीट वाचला असता तर त्यातूनच हे निघालं असतं, असं आता वाटतं. आधी वाटलं नव्हतं, हेही खरं.

व्यापार आणि माध्यमांत ही कल्पना जास्त सरळ चालते, म्हणून तिथे फार रेंगाळत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात टीव्ही आला तेव्हा रेडिओ मरेल असं वाटत होतं. नाटकं आणि मालिका टीव्हीने खेचून नेल्या, संध्याकाळचा दिवाणखाना नेला. रेडिओ तिथून हटला आणि जिथे डोळे मोकळे नसतात तिथे, म्हणजे मोटारीत, जाऊन बसला, संगीत घेऊन. संस्थांच्या बाबतीत मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये रुंद कोनाड्याच्या आणि अरुंद कोनाड्याच्या संस्था असा विचार सुरू केला. ग्लेन कॅरलने १९८५ मध्ये त्यातली एक उफराटी गोष्ट दाखवली. बडे खेळाडू बाजाराच्या मध्यासाठी लढतात आणि एकमेकांना गिळत जातात. आता लहानांचं काही खरं नाही असं वाटावं, तर नेमक्या तेव्हाच कडेच्या जागा मोकळ्या होतात. अमेरिकेतल्या बियर कंपन्यांचं तसंच झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मूठभर कंपन्या उरल्या होत्या, आणि १९९० चं दशक संपेपर्यंत छोट्या बियर बनवणाऱ्यांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

खरा गुंता सुरू होतो तो माणसांच्या समूहांकडे वळल्यावर. नॉर्वेचा मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ याने १९५६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याबद्दल लिहिलं. तिथे तीन समूह होते. खालच्या रुंद खोऱ्यात पठाण शेतकरी. वरच्या डोंगरात कोहिस्तानी, थोडी शेती आणि थोडी गुरं सांभाळणारे. आणि गुरं घेऊन हिंडणारे गुज्जर. पठाणांची हद्द जिथे संपते, ती रेषा बार्थने तपासली. वर्षाला दोन पिकं जिथपर्यंत निघतात, तिथपर्यंतच पठाण होते. का? त्यापलीकडे धान्य पिकत नाही म्हणून नव्हे, एक पीक निघतंच. पण पठाणांचं राजकारण पुढाऱ्याभोवती जमणाऱ्या अनुयायांवर उभं होतं, आणि त्यांना पोसायला वरकड धान्य लागतं. एका पिकात ते भागत नाही. आणि पठाण तर गुज्जरांना आपल्या मुलखात राहूही देत होते, कारण पठाणांना नको असलेला चढ-उतार गुज्जरांची जनावरं वापरत होती.

हचिन्सनच्या अक्षांत ऊन, पाणी, अन्न होतं. इथे एक नवा अक्ष आला: तुमची समाजरचना. हवामान सोसवतं, जमीन कसता येते, पण तुमची सत्ता चालवायची पद्धत तिथे तग धरत नाही. बॅलॅनसला वर मारणारा कोरडेपणा इथे पुढाऱ्याच्या ताटात होता.

आपल्याकडचं याहून जवळचं काम माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचं, १९८३ सालचं. महाराष्ट्रात शिकार करून जगणाऱ्या भटक्या जमातींपैकी तीन त्यांनी पाहिल्या. तिरुमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकरांसारख्या मोठ्या जनावरांच्या मागे जातात. वैदू आमिष लावलेल्या सापळ्यात मुंगूस, उदमांजर पकडतात, शिवाय कासवं आणि खेकडे. फासेपारधी फासे लावून हरणं, तितर, लावे धरतात. रान तेच, सावज वेगळं. पाच जातींचे वॉर्बलर पक्षी एकाच झाडाचे निरनिराळे भाग कसे वाटून घेतात, हे रॉबर्ट मॅकआर्थरने १९५८ मध्ये अमेरिकेच्या सूचिपर्णी जंगलात दाखवलं होतं, त्याचीच ही आठवण. गाडगीळ-मल्होत्रांनी मांडलं की जातींमधली अशी विभागणी स्पर्धा कमी करते. आणि एखाद्या साधनावर एकाच समूहाचा पिढ्यान्‌पिढ्या हक्क राहिला तर तो समूह ते जपून वापरतो, कारण आज ओरबाडलं तर उद्या आपल्याच नातवाला मिळणार नाही.

युक्तिवाद हुशार आहे आणि त्यातला दुसरा भाग, म्हणजे जपून वापरण्याचा, मला आजही पटतो. पण पहिल्या भागाशी अडखळायला होतं, आणि मराठी वाचक कशाशी अडखळेल हे सांगायला नको. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच विचाराचा समाचार घेतला होता. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक चढत्या पायऱ्यांनी. माणसाची कुवत किंवा आवड बघून ती झालेली नाही, आईबापांच्या सामाजिक दर्ज्यावरून ती आधीच ठरवून टाकलेली आहे.

परिसरशास्त्राच्या भाषेत हाच आक्षेप पुन्हा मांडून पाहा. वाट्याला आलेला कोनाडा हाच मूळ कोनाडा आहे, असं सगळ्यांना भासवायचं, आणि वर कॉनेलचा प्रयोग करायलाच बंदी घालायची. दगड उचलून खालच्या पट्ट्यात न्यायचा नाही, बॅलॅनस बाजूला करून बघायचं नाही. बॅलॅनस थॅमॅलसला चिरडतो हे खरं, पण 'तुझी जागा वरच, तुझ्या पोरांचीही वरच' असे नियम तो लिहून ठेवत नाही. शेजारी मेला की थॅमॅलस लगेच खाली पसरतो. माणसांच्या समाजात जागा रिकामी असते, येणाऱ्याच्या अंगात बळ असतं, आणि तरीही ती रिकामी ठेवली जाते. गाउझच्या नळीत असलं काही घडत नाही.

तेव्हा माणसांच्या बाबतीत 'ते गुण्यागोविंदाने वाटून घेतात' असं वाक्य आलं की मी दोन प्रश्न विचारतो. ही वाटणी कुणी केली? आणि शेजारी उठून गेला तर याला तिथे जाता येतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इतिहासात सापडतं. दुसऱ्याचं सापडत नाही, ते करूनच बघावं लागतं.

आणखी एक फरक आहे, तो मात्र उत्साह देणारा. जीव कोनाड्यात नुसते बसत नाहीत, कोनाडा घडवतातही. बीव्हर धरण बांधतो आणि मग त्याने केलेल्या तळ्यात त्याची पुढची पिढी वाढते. ऑडलिंग-स्मी, लेलँड आणि फेल्डमन यांनी २००३ मध्ये या विचाराला पुस्तकरूप दिलं. माणूस यात सगळ्यांचा बाप. ज्या समाजांनी गुरं पाळून दूध काढायला सुरुवात केली, त्यांच्यात मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता काही हजार वर्षांत पसरली. आधी सवय, मागून जनुक. २०१८ मध्ये पॅट्रिक रॉबर्ट्‌स आणि ब्रायन स्ट्युअर्ट यांनी आपल्या प्रजातीच्या कोनाड्याला नाव दिलं, त्याचा मराठीत भाव असा: एक जात म्हणून सर्वसंचारी, पण एकेक समूह आपापल्या ठिकाणी मुरलेला. तिबेटच्या विरळ हवेत, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात, वाळवंटात, सदाहरित जंगलात, सगळीकडे माणूसच, पण प्रत्येक ठिकाणचा तिथल्या कामात तरबेज. इतर प्राण्यांत या दोन तऱ्हा सहसा वेगवेगळ्या प्रजातींत आढळतात. आपण एका प्रजातीत दोन्ही सांभाळतो, कारण आपला कोनाडा बहुतांशी जनुकांत नसून शिकण्यात असतो, आणि शिकलेलं बदलता येतं. एकाच माणसाचे एका दिवसात तीन कोनाडे असू शकतात. घरी ज्याला कुणी बोलू देत नाही, तो कामावर सगळ्यांना बोलू देत नाही.

मध्यंतरी तो शंका काढणारा जुना सहकारी भेटला. नवीन जागी कसं चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, बरं चाललंय. मी म्हटलं, तिथल्या बैठकांमध्ये आता सगळ्यांची पळता भुई थोडी होत असेल. तो हसला.

"नाही रे. तिथे आधीच एक जण आहे, माझ्यापेक्षा भयंकर."

"मग तू काय करतोस?"

"मी टिपणं घेतो. सगळे म्हणतात माझं अक्षर छान आहे."